मोजलं ते नेमकं काय? मानसशास्त्रातलं संशोधन आणि ज्ञानाचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे: मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासात संशोधन पद्धतींचा पेपर आहे. परिकल्पना (तपासून पाहायचं विधान), चल (माणसागणिक किंवा परिस्थितीगणिक बदलणारी, मोजायची गोष्ट), विश्वसनीयता, सप्रमाणता, पी-व्हॅल्यू या सगळ्यांच्या व्याख्या तोंडपाठ झाल्या, पण त्यांचा आपसात संबंध काय ते उमगत नाही. त्यात पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात ह्यूम, पॉपर आणि कून हे तत्त्वज्ञ येऊन बसलेत, त्यांचं इथे काय काम? आणि एवढं सगळं करून मानसशास्त्र विज्ञान ठरतं की नाही?

मी हा विषय बरीच वर्षं शिकवतो, प्रबंधही तपासतो. ही अडचण जवळजवळ प्रत्येक वर्गात येते आणि तिचा दोष विद्यार्थ्यांकडे जात नाही. पुस्तकं व्याख्या आधी देतात, आणि त्या व्याख्या ज्या पेचातून निघाल्या तो पेच सांगायचा राहून जातो. म्हणून मी उलट्या बाजूने येतो. एक जुनं, फसलेलं संशोधन घेऊ आणि ते फसलं म्हणजे नक्की काय झालं ते नीट पाहू.

१८९० मध्ये जेम्स मॅकीन कॅटेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 'मानसिक चाचण्यां'ची एक यादी प्रसिद्ध केली. हाताच्या पकडीचा जोर किती, आवाज ऐकल्यावर प्रतिक्रिया द्यायला किती वेळ लागतो, दोन वजनांतला किती बारीक फरक ओळखता येतो, रंगांची नावं किती भराभर सांगता येतात, ५० सेंटिमीटरची रेघ मधोमध दुभागता येते का, १० सेकंदांचा अंदाज बरोबर येतो का, एकदा ऐकलेली अक्षरं किती आठवतात. आज हसू येईल, पण त्यामागे विचार होता: बुद्धी मज्जासंस्थेवर अवलंबून, मज्जासंस्थेची तत्परता संवेदना आणि हालचालींत दिसणार, तेव्हा तीच काटेकोरपणे मोजू. या धर्तीच्या चाचण्या पुढे कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर घेतल्या गेल्या. १९०१ मध्ये कॅटेलचाच विद्यार्थी क्लार्क विस्लर याने सहसंबंधाचं, म्हणजे दोन मापं किती एकत्र बदलतात ते सांगणारं, तेव्हा नवीन असलेलं गणित त्या आकड्यांना लावलं. चाचण्यांचा एकमेकींशी संबंध जेमतेम निघाला. प्रतिक्रियाकाल आणि परीक्षेतली कामगिरी यांचा सहसंबंध होता उणे ०.०२, म्हणजे नसल्यातच जमा. उलट वेगवेगळ्या विषयांतले गुण मात्र एकमेकांशी छान जुळत होते. या चाचण्यांची पत गेली. १९०५ मध्ये फ्रान्समध्ये बिने आणि सिमों यांनी आकलन, तुलना, तर्क अशी गुंतागुंतीची कामं देणारी मापनश्रेणी काढली आणि गाडी त्या रुळावर गेली.

आता सांगा, विस्लरने नेमकं काय खोटं ठरवलं? 'चपळ मज्जासंस्था म्हणजे जास्त बुद्धी' ही परिकल्पना? बहुतेक विद्यार्थी हो म्हणतात. पण जरा खोलात जा. प्रत्येक व्यक्तीचा प्रतिक्रियाकाल मोजक्याच प्रयत्नांवरून काढलेला होता. एकाच माणसाचा प्रतिक्रियाकाल क्षणाक्षणाला इतका बदलतो की चार-दोन प्रयत्नांची सरासरी त्या माणसाबद्दल फारसं सांगत नाही. दुसरं, सगळे सहभागी एका नावाजलेल्या विद्यापीठातले, म्हणजे आधीच चाळून घेतलेले. ज्या गुणात माणसं एकमेकांपासून फारशी वेगळीच नाहीत, त्या गुणाचा कशाशीही सहसंबंध कमीच दिसणार. तिसरं, परीक्षेतले गुण म्हणजे बुद्धी हे कुणी ठरवलं? त्यात मेहनत आहे, आवड आहे, परीक्षकही आहे.

मला जे सांगायचंय ते हेच आहे: कुठलीही परिकल्पना एकटी तपासली जात नाही. तिच्यासोबत न बोललेल्या गृहीतांचा लवाजमा असतो. साधन बरोबर मोजतंय, नमुना योग्य आहे, माणसांनी खरं सांगितलंय, मधे तिसरं काही आलेलं नाही, आकडा योगायोगाचा नाही. निकाल उलटा आला की त्या लवाजम्यापैकी कुणीही दोषी असू शकतो. निकाल मनासारखा आला तरीही तेच, फक्त तेव्हा कुणी चौकशी करत नाही. तुम्ही पाठ केलेली प्रत्येक संज्ञा ही या लवाजम्यातल्या एकेका गृहीताचं नाव आहे. तत्त्वज्ञानात या अडचणीला पिएर ड्युहेम आणि क्वाइन यांच्या नावाने ओळखतात. ड्युहेमने ती भौतिकशास्त्राबद्दल मांडली होती, पण भौतिकशास्त्रज्ञाकडे निदान भरवशाचा तापमापक असतो. आपल्याकडे तोही नाही, म्हणून आपल्याला ती जास्त छळते.

विश्वसनीयता म्हणजे मोजमापात किती सातत्य आहे. सप्रमाणता म्हणजे ज्याचं नाव घेतोय तेच मोजतोय का. इथपर्यंत सगळ्यांना येतं. पुढचं येत नाही. विश्वसनीयता कमी असेल तर सहसंबंधाला वरून छत बसतं. मानसशास्त्रज्ञ स्पिअरमनने १९०४ मध्येच हे दाखवलं: दिसणारा सहसंबंध म्हणजे खरा सहसंबंध गुणिले दोन्ही मापांच्या विश्वसनीयतांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. समजा एका चाचणीची विश्वसनीयता ०.४ आणि दुसरीची ०.९. गुणाकार ०.३६, वर्गमूळ ०.६. खरा सहसंबंध ०.५ असला तरी तुमच्या तक्त्यात ०.३ च दिसणार. प्रबंधात 'संबंध कमकुवत आढळला' असं वाक्य आलं की मी आधी मागे जाऊन मापनश्रेणीची विश्वसनीयता पाहतो. पुष्कळदा कमकुवत असते ती प्रश्नावली.

सप्रमाणता मात्र अशी सूत्रात बसत नाही, आणि माझ्या मते ज्ञानमीमांसा (आपल्याला एखादी गोष्ट कळली असं कधी म्हणता येतं, याचा विचार) पेपरात शिरते ती याच दारातून. चिंता, आत्मसन्मान, बुद्धी यांना कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आपण पाहतो ती उत्तरं, चुका, सेकंद. त्यांच्यामागे एक न दिसणारी गोष्ट आहे असं आपण मानतो आणि तिला कन्स्ट्रक्ट म्हणतो. एक सोपी पळवाट १९२० च्या दशकात निघाली होती. भौतिकशास्त्रज्ञ पर्सी ब्रिजमनने १९२७ मध्ये म्हटलं की संकल्पनेचा अर्थ म्हणजे ती मोजण्याची कृती. मानसशास्त्रात त्याआधीच, १९२३ मध्ये, एडविन बोरिंगने बुद्धिमत्ता म्हणजे बुद्धिमत्ता चाचण्या जे मोजतात ते, अशी व्याख्या करून ठेवली होती. पुस्तकातली कार्यात्मक व्याख्या ती याच घराण्यातली. ती आवश्यक आहे, कारण तिच्यामुळे दुसऱ्या कुणालाही तुमचा प्रयोग पुन्हा करता येतो. पण शब्दशः घेतली तर दोन वेगळ्या चाचण्या म्हणजे दोन वेगळ्या बुद्धी झाल्या, आणि कुठलीच चाचणी कधीच चुकीची ठरू शकणार नाही. कॅटेलचा प्रतिक्रियाकाल हीसुद्धा मग बुद्धीच.

यातून वाट काढली क्रॉनबाख आणि मील यांनी १९५५ मध्ये. त्यांचं म्हणणं असं की कन्स्ट्रक्टला अर्थ मिळतो तो त्याच्याभोवतीच्या संबंधांच्या जाळ्यातून. चिंतेची प्रश्नावली चिंता मोजत असेल तर परीक्षेच्या आधी गुण वाढायला हवेत, उपचारानंतर कमी व्हायला हवेत, दुसऱ्या चिंतेच्या मापाशी जुळायला हवेत, आणि शब्दसंग्रहाच्या चाचणीशी फारसे जुळता कामा नयेत. ही शेवटची अट विद्यार्थी हटकून विसरतात. कशाशी जुळायचं नाही हे न सांगता सप्रमाणता सिद्ध केली म्हणणं अर्धवट आहे. कॅम्पबेल आणि फिस्क यांनी १९५९ मध्ये यासाठी तक्ताच दिला: अनेक गुणवैशिष्ट्यं, प्रत्येक एकाहून जास्त पद्धतींनी मोजायची, आणि बघायचं की गुण जुळतायत ते गुणवैशिष्ट्य तेच आहे म्हणून, की दोन्हीकडे प्रश्नावलीच वापरली म्हणून.

प्रश्नावलीचा विषय निघालाच आहे तर माणसाच्या स्वतःबद्दलच्या साक्षीचंही पाहू. निस्बेट आणि विल्सन यांनी १९७७ मध्ये एक गंमतीदार निरीक्षण नोंदवलं. दुकानात नायलॉन मोज्यांच्या चार जोड्या मांडल्या आणि सर्वांत चांगली निवडायला सांगितलं. लोकांनी सर्वांत उजवीकडची जोडी डावीकडचीपेक्षा सुमारे चौपट वेळा निवडली. कारण विचारल्यावर वीण, पोत, कारागिरी यांबद्दल सांगितलं. चारही जोड्या अगदी एकसारख्या होत्या. जागेमुळे निवड झाली असेल का असं थेट विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी ते झटकून टाकलं. म्हणजे 'तुम्ही असं का केलंत?' या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिक असूनही कारणाबद्दल काहीच सांगत नाही असं होऊ शकतं. प्रश्नाची भाषाही उत्तर घडवते. लॉफ्टस आणि पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगात मोटारींच्या टकरीची तीच चित्रफीत दाखवून वेग विचारला. गाड्या एकमेकींना 'लागल्या' अशा मवाळ क्रियापदाने विचारलं तर सरासरी अंदाज ताशी ३१.८ मैल, 'धडकून चुराडा झाला' अशा धाटणीच्या क्रियापदाने ४०.८ मैल. दुसऱ्या फेरीत आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? चुराड्याचा शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, नुसत्या 'धडकल्या' असा साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७. चित्रफितीत काच नव्हतीच.

कार्यकारणभावाकडे येऊ. 'सहसंबंध म्हणजे कारण नव्हे' हे वाक्य घोकून काही हाती लागत नाही. इथे आपल्या न्यायदर्शनाची, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेतली, एक चर्चा मी वर्गात आवर्जून सांगतो. धूर दिसला की अग्नी आहे हे अनुमान नैयायिकांना मान्य, पण उलटं, अग्नी आहे म्हणून धूर असणार, हे नाही. का? तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीबरोबर धूर दिसतो तो इंधन ओलं असेल तेव्हाच. या ओल्या इंधनाला ते उपाधी म्हणतात: न सांगितलेली अट, जिच्यामुळे खोटी व्याप्ती ('जिथे हे तिथे ते' असा नियम) खरी भासते. झोप कमी असणाऱ्यांत नैराश्याचे गुण जास्त दिसले की लगेच हाच प्रश्न विचारायचा: यात ओलं इंधन कोणतं? कदाचित जुनाट दुखणं असेल, जे झोपही घालवतं आणि मनही खचवतं. (न्यायातली उपाधी आणि आजच्या संख्याशास्त्रातला गोंधळ घालणारा तिसरा चल या तंतोतंत एक गोष्टी नाहीत, तिथे चर्चा नित्य साहचर्याची आहे, इथे कारणाची. पण संशयाची दिशा तीच.) आणि चार्वाकांनी अनुमानावरच घेतलेला आक्षेप, की सगळी उदाहरणं तपासल्याशिवाय व्याप्ती कळणार कशी, हा ह्यूमने अठराव्या शतकात मांडलेल्या प्रश्नाचा सख्खा शेजारी आहे. पहिल्या प्रकरणातल्या ह्यूमचं काम ते इतकंच: पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याकडे जाताना तर्काची हमी नाही, जोखीम आहे, हे लक्षात आणून देणं.

सगळ्या उपाधी आधी माहीत असणं अशक्य, म्हणून यादृच्छिक वाटणी. सहभागींना प्रायोगिक आणि नियंत्रित गटांत चिठ्ठ्या टाकून घातलं की माहीत असलेले आणि नसलेले फरक दोन्हीकडे सरासरीने सारखे वाटले जातात. उरतो तो योगायोग, आणि त्याचं गणित करता येतं. यादृच्छिक वाटणी आणि यादृच्छिक नमुना यांची मात्र तोंडी परीक्षेत सर्रास गल्लत होते. वाटणीमुळे 'हे त्यामुळेच घडलं' म्हणता येतं. नमुन्यामुळे 'हे इतरांनाही लागू आहे' म्हणता येतं. एक असून दुसरं नसणं ही नेहमीची स्थिती आहे. मानसशास्त्राची बरीच मदार पाश्चात्त्य, सुशिक्षित, सुखवस्तू समाजांतल्या विद्यार्थ्यांवर आहे, आणि असे लोक मानवजातीचे प्रतिनिधी कसे नाहीत हे हेन्रिख, हाइने आणि नोरेनझायान यांनी २०१० मध्ये सविस्तर दाखवलं.

पी-व्हॅल्यूबद्दल. पी ०.०३ आली म्हणजे परिकल्पना ९७ टक्के खरी, असं नाही. परिणाम मुळात शून्य आहे असं धरलं, तर इतका किंवा याहून टोकाचा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ३ टक्के, एवढंच ती सांगते. कल्पनेतले आकडे घेऊन करून बघा. १००० परिकल्पना तपासल्या, त्यातल्या १०० खऱ्या. नमुने लहान, त्यामुळे खऱ्यांपैकी निम्म्याच सापडतात: ५०. खोट्या ९००, त्यातल्या ५ टक्के योगायोगाने ०.०५ च्या, म्हणजे निकाल 'लक्षणीय' मानण्याच्या रूढ रेघेच्या, खाली जातात: ४५. 'लक्षणीय' निकाल ९५, त्यातले ४५ खोटे. कुणीही लबाडी केलेली नाही. ०.०५ ही रेघसुद्धा संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९२५ मध्ये सोयीची म्हणून सुचवलेली. तिच्यात निसर्गाचा कुठलाही नियम दडलेला नाही.

आणि थोडी मोकळीक घेतली तर? सिमन्स, नेल्सन आणि सायमनसन यांनी २०११ मध्ये खऱ्या सहभागींची खरी आकडेवारी घेऊन 'सिद्ध' केलं की एक विशिष्ट गाणं ऐकल्याने माणसाचं वय सुमारे दीड वर्षाने कमी होतं. भावनेने तरुण नव्हे, जन्मतारखेने तरुण! युक्ती साधी होती: बरेच चल गोळा करायचे, मधेमधे डोकावून हवा तो आकडा आला की थांबायचं, आणि वडिलांचं वय नियंत्रक चल म्हणून (त्याचा प्रभाव वजा करायच्या नावाखाली) समीकरणात घालायचं. अशा चार सवलती एकत्र घेतल्या तर ५ टक्क्यांची चूक ६१ टक्क्यांच्या घरात जाते हेही त्यांनी दाखवलं. २०१५ मध्ये छापून आलेल्या १०० अभ्यासांच्या पुनरावृत्तीचा निकाल आला तेव्हा, मूळ ९७ टक्के अभ्यास लक्षणीय होते, पुनरावृत्तीत ३६ टक्के उरले आणि परिणामांचा आकार सरासरीने निम्म्यावर आला. पूर्वनोंदणी, म्हणजे आकडे हाती येण्याआधी परिकल्पना आणि विश्लेषण लिहून ठेवणं, हा रिवाज त्यानंतर झपाट्याने वाढला.

आता विज्ञान की नाही. पॉपरची कसोटी अशी की सिद्धान्ताने काहीतरी घडणार नाही असं म्हणून धोका पत्करावा. त्याचं उदाहरण असं: एक माणूस मुलाला बुडवण्यासाठी पाण्यात ढकलतो, दुसरा त्याला वाचवताना जीव देतो, आणि फ्रॉइड व ॲडलर यांच्या उपपत्ती दोन्ही वागणुकी तितक्याच सहज समजावतात. सगळंच समजावणारा सिद्धान्त कशालाच मनाई करत नाही. हे पटतं, पण ड्युहेमचा लवाजमा आठवा. निकाल उलटा आला की 'साधनच चुकलं', 'नमुना वेगळा होता' असं कुणीही म्हणू शकतं, आणि २०१५ च्या निकालांनंतर काहींनी तसं म्हटलंही. सबब आणि सुधारणा यांतला फरक कसा करायचा? मला इथे विज्ञानाचा तत्त्वज्ञ इम्रे लाकाटोश याचं म्हणणं सर्वांत उपयोगी वाटतं. सोबतच्या गृहीतात केलेल्या बदलातून नवं, तपासता येईल असं भाकीत निघतं का, आणि ते खरं ठरतं का? विस्लरच्याच बाबतीत बघा. 'प्रयत्न कमी होते आणि नमुना चाळलेला होता' हे म्हणणं सबब असेल, तर ते तिथेच संपेल. पण त्यातून भाकीत निघतं: जास्त प्रयत्न घ्या, सर्वसाधारण लोकसंख्येतून नमुना घ्या, संबंध दिसायला हवा. २००१ मध्ये इयन डिअरी आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधल्या साधारण ५६ वर्षांच्या ९०० लोकांवर ते पाहिलं. साध्या प्रतिक्रियाकालाचा बुद्धिमत्ता चाचणीशी सहसंबंध उणे ०.३१, चार पर्यायांच्या प्रतिक्रियाकालाचा उणे ०.४९ (उणे म्हणजे वेळ जितका कमी, तितके गुण जास्त). म्हणजे कॅटेल पूर्ण चुकला नव्हता. प्रतिक्रियाकाल म्हणजे बुद्धी हे मात्र त्यावरूनही ठरत नाही.

तेव्हा 'मानसशास्त्र विज्ञान आहे का' हा प्रश्न अख्ख्या विषयाला विचारण्यात फारसा अर्थ नाही. संवेदन आणि स्मृतीवरच्या कामाचा बराच भाग ही कसोटी सहज पार करतो. काही भाग अजिबात करत नाही, आणि तो आत्मविश्वासाने छापलाही जातो. कूनबद्दल परीक्षेपुरतं लिहा. मानसशास्त्राला एकच प्रतिमान (सर्वांनी मानलेली विचाराची चौकट) आहे की अनेक, यावर पानं भरता येतात, पण तुमच्या प्रबंधातला एकही निर्णय त्याने बदलणार नाही. तत्त्वज्ञ गेटियरच्या १९६३ च्या तीन पानी निबंधाला मात्र एक संध्याकाळ द्या. मत खरं असतं, त्याला सबळ आधारही असतो, तरी ते ज्ञान म्हणवत नाही, कारण ते खरं निघालं ते योगायोगाने. गोंधळलेल्या प्रयोगातून निघालेला बरोबर निष्कर्ष असाच असतो. गुणात्मक संशोधनालाही यातून सुटका नाही. मुलाखतीत संख्या नसतात म्हणून गृहीतं नसतात असं थोडंच आहे. कुणाशी बोललो, कोण बोललंच नाही, संकेतन करताना (उत्तरांना विषयवार खुणा देताना) आपलंच मत तर शोधत नव्हतो, हे तिथेही लिहावं लागतं.

पेपरच्या तयारीला आता व्याख्यांची वही बाजूला ठेवा आणि एक प्रायोगिक निबंध घ्या. सारांश न वाचता थेट 'पद्धती' हा भाग उघडा. प्रत्येक संकल्पना कशाने मोजली, किती प्रश्नांनी, तिची विश्वसनीयता किती दिली आहे. माणसं कुठून आणली, किती जणांना वगळलं आणि ते कधी ठरवलं. गटांत वाटणी कशी केली. किती तुलना केल्या आणि किती छापल्या, हे समासात लिहीत जा. पूर्वनोंदणी उपलब्ध असेल तर ती शेजारी ठेवून ओळीने जुळवा. तफावत बहुतेक वेळा सापडतेच, आणि पुष्कळदा तिचं कारण साधं असतं. ते कारण लेखकांनी स्वतःहून लिहिलंय का, एवढं बघा, आणि मगच निष्कर्षाकडे वळा.